मथळा खाली, मजकूर पुढच्या पानावर: पान तोडण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

पानाच्या तळाशी एकटा मथळा आणि त्याचा परिच्छेद पुढच्या पानावर, हा दोष छपाईसाठी अक्षरांचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळापासूनचा. तेव्हा जुळारी ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या कमी-जास्त करून तो हातानेच काढत असे. पान संगणक तोडू लागल्यावर तोच निर्णय आकड्यांत सांगावा लागला. टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत पान तुटू शकेल अशा जागेला ‘दंड’ लावता येतो. 10000 दंड म्हणजे तिथे तोडायचंच नाही. वर्ड प्रोसेसरांनी हीच सोय ‘कीप विथ नेक्स्ट’ (पुढच्यासोबत ठेवा) या खुणेच्या चौकटीत आणली.

खरा गुंता ‘अव्हॉइड’ या शब्दाचा. वेबपानांची मांडणी सांगणाऱ्या सीएसएस या भाषेच्या 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत (सीएसएस 2) ‘पेज-ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड’, म्हणजे ‘यानंतर पान तोडणं टाळा’, हा नियम आला. अनेकांनी त्याचा अर्थ मनाई असा घेतला. तो आहे ‘शक्यतो टाळा’ एवढाच. मथळा, त्याखाली उपमथळा, त्याखाली पानाहून उंच तक्ता आणि सगळ्यांवर ‘अव्हॉइड’ असेल, तर कुठेतरी तोडावंच लागतं. म्हणून सौम्य अर्थ योग्यच होता. चूक झाली ती प्रतवारी न ठेवण्यात. छापील पानांच्या मांडणीसाठीच्या 2001 च्या एक्सएसएल-एफओ या भाषेत ‘कीप-विथ-नेक्स्ट’ला ‘ऑलवेज’ किंवा आकडा देता येतो आणि दोन बंधनं भिडली की मोठा आकडा टिकतो. तक्ता तुटला तरी चालेल, पण मथळा सुटायला नको, हे तिथे सरळ लिहिता येतं. सीएसएसमध्ये आजही येत नाही.

पुढे स्तंभांनाही तेच नियम लागू व्हावेत म्हणून नाव ‘ब्रेक-आफ्टर’ झालं. जुनं नावही चालू राहिलं. अंमलबजावणी मात्र फार रेंगाळली. एका प्रमुख ब्राउझरच्या छपाईत मथळ्यानंतरचं ‘अव्हॉइड’ 2022 मध्ये मानलं जाऊ लागलं, म्हणजे नियम लिहिल्यावर 24 वर्षांनी. तोवर पीडीएफ तयार करणारे मथळा आणि पहिला परिच्छेद एकाच पेटीत घालून ‘ही पेटी आतून तोडू नका’ असं सांगत.

जुन्या साच्यांत ती पेटी अजून सापडते आणि ती काढायला हवी. ‘ब्रेक-आफ्टर’ला मथळ्यासोबत परिच्छेदाच्या पहिल्या दोन ओळी मिळाल्या तरी पुरतं, कारण पान तुटताना परिच्छेदाच्या किमान किती ओळी तळाशी राहाव्यात हे सांगणाऱ्या ‘ऑर्फन्स’चं मूळ मूल्य 2 आहे. पेटीला अख्खा परिच्छेद लागतो. तो अर्ध्या पानाचा असला, तर सगळंच पुढे ढकललं जातं आणि मागचं पान अर्धं कोरं राहतं.