हवा भरभरून देते, माती किती देणार?

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या शेतावर सोयाबीनच्या उभ्या पिकाभोवती नळ्यांची अष्टकोनी कडी बसवलेली आहेत. काच नाही, प्लॅस्टिक नाही, वर मोकळे आभाळ. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कड्यातल्या रोपांना या शतकाच्या मध्याची हवा आजच मिळते. २००१ साली हा प्रयोग सुरू झाला तेव्हा हवेत या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत ३७० च्या आसपास होते. कड्यात ते ५५० ठेवले. आज बाहेरच्या हवेतच ते ४२० च्या पुढे गेले आहे.

सोयाबीन वाढले. उत्पादन साधारण १५ टक्क्यांनी वाढले. पण बंदिस्त कक्षांतल्या जुन्या प्रयोगांवरून अपेक्षा जवळपास दुप्पट होती. शिवाय कोरड्या, उष्ण वर्षांत हा फायदाही विरून गेला.

असे का होते, हे पानात डोकावल्यावर कळते. हवेतला कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे प्रथिन करते. ते थोडे धांदरट आहे: कार्बन डायऑक्साइडऐवजी अनेकदा ऑक्सिजनच पकडते आणि केलेली कमाई वाया घालवते. हवेत कार्बन वाढला की चुका कमी होतात, साखर जास्त तयार होते. गहू, भात, सोयाबीन, कापूस, तूर यांना म्हणूनच लाभ होतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत मुळातच कार्बन एकवटून रुबिस्कोपर्यंत पोचवायची सोय असते. त्यामुळे पाण्याची थोडी बचत सोडली तर त्यांच्या हाती फारसे नवे लागत नाही.

पण साखर म्हणजे पीक नव्हे. प्रथिनाला नत्र (नायट्रोजन) लागते, ऊर्जेच्या देवघेवीला स्फुरद (फॉस्फरस) लागते, कितीतरी विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, जस्त आणि लोह लागते. यातले काहीही रोपाला हवेतून थेट घेता येत नाही. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे गवताळ जमिनीच्या तुकड्यांवर वर्षानुवर्षे जादा कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. सुरुवातीला सगळीकडे वाढ जोमदार होती. पुढे, ज्या तुकड्यांना नत्र दिले नव्हते तिथला जोम ओसरला. मातीतली शिल्लक संपत आली होती.

शेंगवर्गीय पिकांचे थोडे वेगळे आहे. जादा साखर ती मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंना देतात आणि बदल्यात नत्र मिळवतात. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्या पिकासाठी जमीन, चांगला असतो, हे आपल्याकडे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, त्यामागेही या गाठीच आहेत. मात्र गाठींनाही स्फुरद, लोह आणि मॉलिब्डेनम लागते. ते मातीतूनच यावे लागते.

मला सर्वांत जास्त काळजी दाण्याची वाटते. २०१४ साली जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या अशा खुल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. ५५० च्या आसपासच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के, प्रथिने ६ टक्के आणि लोह ५ टक्के कमी भरले. भातातही तिन्ही घटले. सोयाबीनची प्रथिने गाठींमुळे बरीचशी टिकली, पण जस्त आणि लोह त्याच्याही दाण्यात कमी झाले. ज्वारीवर फारसा परिणाम दिसला नाही. पिष्ट वाढल्याने बाकीचे घटक विरळ होतात हे एक कारण. दुसरे असे की कार्बन मुबलक असला की पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, कमी उघडतात, रोप पाणी कमी ओढते आणि पाण्याबरोबर मुळांपाशी वाहत येणारे क्षारही कमी येतात. पोळी तेवढीच दिसेल, पोटही भरेल. पण ज्या घरात जस्त आणि लोह मुख्यतः धान्यातूनच मिळते, तिथल्या वाढत्या मुलांच्या वाट्याला ते कमी येईल.

आपल्या काळ्या जमिनींचा विचार इथेच येतो. चुनखडी जास्त आणि सामू (पीएच) चढा असला की मातीत असलेले लोह आणि जस्तही विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात आणि शेतकरी म्हणतो, केवडा पडला. स्फुरदाची खते गरजेपेक्षा जास्त टाकली तर जस्ताची उचल आणखी घटते. म्हणून डीएपी या स्फुरदयुक्त खताची आणखी एक गोणी घेण्याआधी माती तपासून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, आणि अहवालात नत्र-स्फुरद-पालाशाच्या खालच्या ओळीही वाचाव्यात. सेंद्रिय कर्ब किती, जस्त किती, लोह किती. तिथे जस्त मोजायचे एकक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचेच आहे, दर दहा लाखांत किती. हवेत तो आकडा ४२० च्या वर आहे. पिकाला उपलब्ध होणाऱ्या जस्ताचा आकडा ०.६ च्या खाली गेला, की ती जमीन जस्ताची कमतरता असलेली धरतात.