दूध न पचणं म्हणजे नखरे नाहीत
"लहानपणी ग्लासभर प्यायचीस, आता काय झालं" हे घरोघरी ऐकवतात, पण ते चुकीचं आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ते पचवणारं लॅक्टेज एन्झाइम बालपणानंतर बऱ्याच जणांचं कमी होतं, जगातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांचं होतं, मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस, मुरडा, जुलाब सुरू. दह्यात ते कमी असतं, तुपात जवळपास नसतंच, म्हणून "दही चालतं मग बासुंदी का नाही" असं टोकू नका. आणि मनाचं काय? पंगतीत आग्रहाने वाटी पुढे आली की पोटाआधी छातीत धडधडतं, लोक कार्यक्रमांनाच जायचं टाळायला लागतात. प्लीज, पहिल्यांदा नाही म्हटलं की वाटी मागे घ्या.