‘पात्र’ मरणाचा हिशेब

हवामान बदलाने जाणाऱ्या जिवांचा खर्च काढताना जगभरात आधी एका जिवाची रक्कम ठरते. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालाच्या मांडणीत गरीब देशातला जीव श्रीमंत देशातल्यापेक्षा सुमारे पंधरा पट स्वस्त धरला होता. भारताने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. २०२१ मधल्या एका अभ्यासाने टनांचा हिशेब मांडला: २०२० च्या उत्सर्जन पातळीपेक्षा जादा सोडलेला दर ४,४३४ टन कार्बन डायऑक्साइड या शतकात एक जीव घेतो.

मराठवाड्यात ही रक्कम शासन निर्णयाने ठरते. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. ती जगण्यासाठीची मदत होती. मरणानंतरच्या मदतीचे नियम २००६ च्या सुमारास पक्के झाले, आणि सगळा वाद तिथल्या ‘पात्र’ या शब्दाचा आहे. शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना एक लाख मिळतात; २००६ च्या नियमांत तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत अशी विभागणी होती. पण आधी प्रकरण समितीपुढे पात्र ठरावे लागते. जमीन स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, नापिकी आणि वसुलीचा तगादा दिसायला हवा. बटईने कसणारा इथेच गळतो. पाहुण्यांकडून, विनापरवाना सावकाराकडून उचललेले पैसे कर्जात धरत नाहीत, आणि कोरडवाहू गावात अडीनडीला तेच पैसे हाती येतात. ‘अपात्र’ असा शेरा पडला की सरकारदरबारी त्या मरणाचा खर्च शून्य. मला हे अन्यायाचे वाटते. शिवाय मदतीचे नावच ‘सानुग्रह’, म्हणजे मेहेरबानी. भरपाईचा हक्क त्यात कुठेच नाही.

एका आत्महत्येमागे एकच कारण नसते, त्यामुळे सगळा भार हवामानावर टाकता येणार नाही. वीज पडून गेलेल्याच्या वारसांना मात्र चार लाख मिळतात. उन्हात राबताना गेलेल्याचे काय? केंद्राच्या २०१५ च्या आपत्ती निकषांत उष्णतेची लाट नव्हतीच.

त्यानंतरची वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची आहेत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, काही ठिकाणी माती खरवडून गेली. एक लाखाचा आकडा एवढ्या वर्षांत तोच राहिला.