पीडित नुकसानभरपाईचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका अडतो कुठे

गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीला किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्यांना शासनाकडून नुकसानभरपाई मागता येते, ही माहिती विदर्भातील खेड्यांत अजून फारशी पोहोचलेली नाही, आणि जिथे पोहोचली आहे तिथेही "आरोपीला शिक्षा झाली की मग पैसे मिळतात" अशा चुकीच्या रूपात पोहोचली आहे. या एका गैरसमजापायी कित्येक कुटुंबे निकालाची वाट पाहत वर्षे घालवतात. ही भरपाई आरोपीच्या खिशातून येत नाही, त्यामुळे त्याला शिक्षा होण्यावर ती अवलंबून नसते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपी सापडलाच नाही तरी पीडिताला स्वतः अर्ज करता येतो, आणि आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज पाहून न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. सिरोंचा किंवा धारणीसारख्या ठिकाणाहून जिल्ह्याला जाण्यात अख्खा दिवस मोडतो, म्हणून आधी तालुका न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीत जावे. तिथे अर्ज लिहिण्यास मदत मिळते. अर्जाला शुल्क नाही. फॉर्मचे पैसे मागणारा माणूस न्यायालयाच्या फाटकाशी भेटलाच, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, असे अजूनही गावात सांगितले जाते. २०१७ च्या सुधारणेनंतर तो निर्णयही विधी सेवा प्राधिकरणाकडेच आहे.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते एफआयआरच्या प्रतीवर. आपल्याकडे फिर्याद बहुधा पोलीस पाटील, शेजारी किंवा घरातील एखादा पुरुष देतो, प्रत त्याच्याकडे जाते, आणि जिच्यावर गुन्हा घडला तिच्या हाती कागदाचा कपटाही नसतो. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार ही प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळाली पाहिजे, त्यामुळे "ज्याने रिपोर्ट दिला त्यालाच घेऊन या" हे ठाण्यातील उत्तर आता मान्य करण्याचे कारण नाही. दुसरा घोटाळा ऑनलाइन केंद्रावर होतो. केंद्रचालक पोलिसांच्या संकेतस्थळावर शोध घेतो, काही सापडत नाही, आणि गुन्हा नोंदलाच नसल्याचे सांगून त्या बाईला परत पाठवतो. लैंगिक गुन्ह्यांचे आणि बालकांवरील अत्याचारांचे एफआयआर पीडितेची ओळख उघड होऊ नये म्हणून संकेतस्थळावर टाकलेच जात नाहीत. ती प्रत ठाण्यातूनच घ्यावी लागते.

दुसरी अडचण नावाची. मागच्या पावसाळ्यात तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात एक आई बसली होती. पन्नीत गुंडाळलेले कागद तिने एकेक करून बाकावर मांडले. मुलीच्या आधार कार्डावर माहेरचे नाव होते, एफआयआरमध्ये सासरचे, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर आडनावच नव्हते. तिथून मेडिकलला (वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) रेफर केल्याच्या चिठ्ठीची शाई तर पावसाने पसरून गेली होती. तीन कार्यालयांनी एकाच मुलीच्या तीन मुली केल्या होत्या, आणि ते निस्तरायचे काम मात्र त्या आईवर आले होते. असे असेल तर तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत सुरुवातीलाच जोडावे. त्रुटीचे पत्र येण्याची वाट पाहू नये. रुग्णालयातील कागदांवर एमएलसी क्रमांक (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची रुग्णालयातील नोंद) आहे का, तेही सुट्टी घेतानाच पाहावे.

ज्या प्रकरणात स्त्रीचा मृत्यू झालेला असतो, तिथे कुटुंबाला दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणायला सांगितले जाते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. महिला पीडितांसाठी २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय योजनेत आई, वडील, आजी-आजोबा, अविवाहित मुलगी आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले हे आश्रितांमध्ये येतात, आणि आश्रित कोण हे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या अहवालावरून किंवा समोर असलेल्या कागदांवरून प्राधिकरणच ठरवते. नवराच आरोपी असलेल्या प्रकरणात मुलांना सांभाळणाऱ्या आजीने हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

मुदतीबाबत याच योजनेत गुन्हा घडल्यापासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षे असे म्हटले आहे. यातला "किंवा खटला संपल्यापासून" एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो आणि ते थांबतात. थांबू नये, कारण उपचाराचा खर्च पहिल्याच महिन्यात अंगावर येतो आणि अंतरिम मदत मागण्याची सोय त्यासाठीच आहे. ॲसिड हल्ल्यात एक लाख रुपये १५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असे कायदाच सांगतो. मुदत उलटून गेली असली तरी विलंबाची कारणे लिहून माफीची विनंती करता येते; तेव्हा "आता वेळ गेली" असे कोणी तोंडी सांगितले म्हणून घरी परत जाऊ नये.

पीडित अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल आणि गुन्हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली नोंदला असेल, तर समाजकल्याण विभागामार्फत मिळणारे अर्थसाहाय्य वेगळे असते आणि ते टप्प्याटप्प्याने मिळते. तिथे जातीचा दाखला लागतो. कोलाम पोडांवर आणि पारधी बेड्यांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, अनेक घरांत तो नसतो. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाखल्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. एका ठिकाणाहून मिळालेली रक्कम दुसऱ्या अर्जात लपवू नये.

बँक खात्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि आदेश झाल्यावरही रक्कम तिथेच अडकते. केवायसीशिवाय (ओळख-पत्त्याच्या पडताळणीशिवाय) उघडलेल्या छोट्या खात्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. अर्ज करण्याआधीच शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्यावे. आणखी एक काळजी घ्यावी : अत्याचार पीडितेच्या अर्जासाठी सरपंचाचे पत्र किंवा ग्रामसभेचा ठराव लागत नाही. तिचे नाव उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि गावात एकदा फिरलेला कागद मागे घेता येत नाही.

आदेशानंतर पासबुकात कमी रक्कम दिसली की मधल्याने खाल्ली अशी शंका येते. प्रत्यक्षात महिला पीडितांच्या वरील राष्ट्रीय योजनेत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते आणि २५ टक्के लगेच वापरता येते. अज्ञान मुलांच्या बाबतीत ८० टक्के रक्कम ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहते. मुदत ठेवीची पावती मागून घ्यावी. मंजूर रक्कमच कमी वाटत असेल, तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करता येते. आदेश ज्या दिवशी हातात पडला ती तारीख त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, कारण अपिलाचे ३० दिवस तिथून मोजले जातात.