खांदा बाहेर वळला, पण हात पोटाशी येतो का?

प्रसूतीत कधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो. मान एका बाजूला ताणली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच नसांच्या जाळ्याला इजा होते. हजारांत साधारण एक-दोन बाळांच्या वाट्याला हे येतं. मोठ्या वजनाच्या बाळांना धोका जास्त. बहुतेकांचा हात काही महिन्यांत सावरतो. उरलेल्यांची बोटं हलू लागतात, कोपर वाकू लागतं, घरचे निर्धास्त होतात. आणि नेमका त्याच काळात खांदा बिघडत जातो.

बहुतेक वेळा वरच्या दोन नसा दुखावतात. हात बाहेर वळवणारे स्नायू त्यांच्यावरच चालतात. आत वळवणाऱ्यांना मात्र खालच्या नसांचीही मदत असते, त्यामुळे हात आत ओढला जातो. पूर्वी सगळा दोष या ओढाताणीला दिला जाई. उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून आणखी एक कारण पुढे आलं: जन्मतःच नस तुटलेला स्नायू हाडाच्या वेगाने लांब वाढत नाही. हाड वाढतं, स्नायू आखूड राहतो आणि सांधा जखडतो. व्यायाम नियमित करूनही काही मुलांचा खांदा का आवळतो, हे यातून उमगतं. ज्या आईबापांना ‘तुम्ही व्यायामात कमी पडलात’ असं ऐकावं लागतं, त्यांच्यापर्यंत हे पोहोचायलाच हवं.

तान्ह्या बाळाच्या खांद्याचा गोळा आणि त्याची खोबण बहुतांशी कूर्चेची, म्हणजे घडवू तशी घडणारी असते. आत वळलेल्या हातामुळे गोळा सतत मागे रेटला गेला की खोबणही मागे कलते. हे पहिल्या वर्षातच सुरू होऊ शकतं. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

असा खांदा सुधारण्याच्या शस्त्रक्रियेत पुढचा आवळलेला स्नायू सैल करतात आणि पाठीकडून येणारे, हात आत वळवणारे दोन स्नायू खांद्याच्या मागे जोडतात, म्हणजे तेच आता हात बाहेर वळवतात. ही कल्पना १९३४ मध्ये सर्जन लेपिस्कोपो यांनी मांडली, १९७८ मध्ये सर्जन हॉफर यांनी सुधारली. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे प्लॅस्टर आणि मग फिजिओथेरपी. हात वर नेणं, मानेमागे नेणं, तोंडाशी आणणं यांत बहुतेक मुलांना चांगला फरक पडतो. पण बॉस्टनचे सर्जन वॉटर्स आणि बे यांनी २००५ मध्ये दाखवलं की नुसते स्नायू दुसरीकडे जोडल्याने हालचाल सुधारते, खोबणीचा आकार फारसा सुधारत नाही. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात गोळाही जागेवर बसवला होता, तेव्हा बहुतेक मुलांची खोबण पुन्हा घडू लागली. यासाठी मूल लहान असावं लागतं. मोठ्या मुलात सांधा फार बिघडला असेल तर दंडाचं हाड कापून वळवतात. हात उपयोगी जागी येतो, सांधा मात्र तसाच राहतो.

यश कशाने मोजायचं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९७२ पासून वापरात असलेल्या मॅलेट मोजपट्टीत पाच हालचालींना गुण मिळतात, आणि त्या बहुतेक हात वर-बाहेर नेण्याच्याच. पण खांदा बाहेर वळवताना आत वळणं कमी होऊ शकतं. मग हात पोटाशी येत नाही. चड्डीचं बटण, पायजम्याची नाडी, शौचानंतर धुणं अडतं. आपल्याकडे डावा हात असा अडला तर मुलाची फारच पंचाईत. म्हणूनच नंतर मोजपट्टीत हात पोटावर नेण्याची सहावी हालचाल घातली गेली. शस्त्रक्रियेआधी सर्जनला हे जरूर विचारा: पोटाशी येणारा हात किती टिकेल?

आणि बाळ लहान असतानाच, दर तपासणीला एक गोष्ट करून घ्या. कोपर कुशीला टेकवून काटकोनात वाकवायचं आणि मनगट हळूच बाहेर न्यायचं, दोन्ही हातांचं. दुखावलेल्या बाजूला ते पूर्वीपेक्षा कमी जात असेल, तर बोटं कितीही छान हलोत, पुढच्या वाढदिवसापर्यंत थांबू नका.