फूड बँका आल्या कुठून? फिनिक्सच्या बंद बेकरीपासून पुढे

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात, जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ १९६०च्या दशकात एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. तोडणी झाल्यावर बागांत झाडांवरच राहिलेली संत्री-मोसंबी ते मालकांना विचारून उतरवायचे आणि अन्नछत्राला आणून द्यायचे. तिथे त्यांना दहा मुलांची एक आई भेटली. सुपरमार्केटच्या मागच्या कचरापेट्यांत टाकलेलं, पण खाण्याजोगं अन्न शोधून ती मुलांना जगवत होती. असं अन्न टाकण्यापेक्षा ठेवायला आणि गरजूंना काढून न्यायला बँकेसारखी जागा हवी, असं तिनेच सुचवलं. तिचं नाव मात्र कुठल्या पाटीवर लागलं नाही.

१९६७ साली सेंट मेरीज चर्चने हेंगेल यांना एक बंद पडलेली बेकरी आणि तीन हजार डॉलर दिले. पहिल्याच वर्षी तिथून शंभर टनांहून जास्त अन्न वाटलं गेलं.

फूड बँक म्हणजे मुळात गोदाम. कंपन्या, दुकानं, शेतकरी यांचा माल तिथे उतरतो. स्वयंसेवक पोचे गेलेले डबे तपासतात, तारखा बघतात, खोकी भरतात. पुढे वस्तीतल्या छोट्या संस्था आणि चर्च तो शिधा घरांपर्यंत पोहोचवतात. गरजू शेजाऱ्याची प्रत्यक्ष गाठ पडते ती या शेवटच्या टप्प्यावर.

ही कल्पना देशभर पसरली ती निव्वळ कनवाळूपणामुळे नव्हे. १९७६च्या करकायद्याने अन्न दान करणाऱ्या कंपन्यांना त्या मालाच्या खर्चाच्या वर नफ्याचा काही भागही करपात्र उत्पन्नातून वजा करू दिला. माल फेकण्यापेक्षा देणं परवडू लागलं. १९७९ साली हेंगेल यांनी या बँकांची ‘सेकंड हार्वेस्ट’ ही देशव्यापी संघटना उभी केली. तीच आजची ‘फीडिंग अमेरिका’. दिलेल्या अन्नातून कुणाला बाधा झाली तर कोर्टकचेरी मागे लागेल, ही कंपन्यांची धास्ती १९९६च्या कायद्याने बरीच कमी केली. प्रामाणिकपणे दान करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं.

मला यातला सर्वांत बोलका भाग चीजचा वाटतो. दुधाचे भाव टिकवण्यासाठी सरकारने विकत घेतलेल्या चीजने गोदामं तुडुंब भरली होती. मंदीही आली होती. डिसेंबर १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यातलं तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटायला काढलं. त्यातून पुढे जी योजना झाली तिच्या नावातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. १९९०मध्ये तो काढून टाकला. योजना आजही चालू आहे आणि तिचा माल मुख्यतः फूड बँकांमार्फत जातो. म्हणजे अडचणीपुरती केलेली सोय कायमची झाली.

युरोपात पहिली फूड बँक १९८४ साली पॅरिसमध्ये निघाली.

आपल्याकडे २०१५ साली मुंबईच्या डबेवाल्यांनी रोटी बँक सुरू केली. तिथला माल वेगळा: लग्नकार्यात उरलेलं, शिजवलेलं अन्न. डबाबंद वस्तू महिनोन्महिने फळीवर राहते. वरण-भात रात्रीत आंबतो. त्यामुळे इथे गोदामापेक्षा रात्री उशिरा फोन उचलणारी आणि गाडी काढणारी माणसं महत्त्वाची. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे देशपातळीवरचे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली केले आणि ते जुलै २०२०पासून लागू झाले.