मंगळवासीयांच्या स्वारीची ऐंशी वर्षे

जेफ वेन या अमेरिकी संगीतकाराचा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ हा दुहेरी अल्बम ९ जून १९७८ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीतील मंगळवासीयांची पृथ्वीवरील स्वारी त्यात रिचर्ड बर्टन यांच्या निवेदनातून, गायकांच्या आवाजांतून आणि तंतुवाद्ये, सिंथेसायझर व रॉक वाद्यवृंद यांच्या मेळातून उभी राहते. कादंबरी आणि अल्बम यांच्यामधल्या ऐंशी वर्षांत मंगळाविषयीची माणसाची समजूत पार पालटून गेली होती. या अल्बमची खरी पार्श्वभूमी तीच आहे, असे मला वाटते.

१८७७ साली इटलीतील खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांना दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्यांनी वापरलेल्या ‘कॅनाली’ या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे कालवे झाले, आणि कालवे म्हटले की ते खणणारे कोणीतरी आलेच. पर्सिव्हल लोवेल यांनी तर १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळा उभारून मंगळावरील प्रगत संस्कृतीचा हिरिरीने पुरस्कार केला. याच वातावरणात वेल्स १८९५ मध्ये लंडनजवळच्या वोकिंग येथे राहायला आले, आणि तिथल्याच हॉर्सेल कॉमन या माळावर त्यांनी मंगळवासीयांचे पहिले नळकांडे आणून पाडले. कथेचे बीज मात्र आकाशातले नव्हते. टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांच्या ब्रिटिशांनी केलेल्या संहाराविषयी भावाशी झालेल्या बोलण्यातून ते त्यांना सुचले, आणि कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात त्याचा उल्लेख आहे. साम्राज्याने दुसऱ्यांवर आणलेली वेळ साम्राज्याच्या राजधानीवर आली तर काय होईल, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

संगीताची वाट निराळी होती. ऋग्वेदातील सूक्तांसाठी संस्कृत शिकलेले इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी १९१४ ते १९१७ या काळात ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना केली. तिच्यातील मंगळ पाच मात्रांच्या अडखळत्या, चाल करून येणाऱ्या ठेक्यात उभा आहे. १९६९ मध्ये किंग क्रिमसन हा रॉक बँड तीच रचना आपल्या कार्यक्रमांत वाजवत असे. त्याआधी, १९६७ मध्ये, मूडी ब्लूज या बँडने वाद्यवृंद आणि रॉक एकाच अल्बममध्ये आणले होते, आणि त्यातले गायक जस्टिन हेवर्ड हेच पुढे वेन यांच्या अल्बममधील एक प्रमुख आवाज ठरले.

वेन यांना कादंबरी वाचायला दिली ती त्यांचे वडील जेरी वेन यांनी. जाहिरातींचे संगीत करणाऱ्या जेफ वेन यांनी आपली जुनी शिदोरीही वाया जाऊ दिली नाही: हेवर्ड यांनी गायलेले आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलेले ‘फॉरएव्हर ऑटम’ हे विरहगीत मुळात १९६९ मधील लेगो खेळण्यांच्या जाहिरातीची चाल होती. प्रेयसी हरवल्याच्या त्या गाण्यामुळेच निर्वासितांनी भरलेल्या रस्त्यांची कथा एका माणसाच्या दुःखापाशी येऊन थांबते. कादंबरीतील ‘उल्ला’ ही मंगळवासीयांची आरोळी वेन यांनी विद्युत्-स्वरात अशी बांधली आहे की ती यंत्राची म्हणावी की जिवंत प्राण्याची, हे ठरवता येत नाही. भीती आणि कीव ती एकदमच जागी करते.

अल्बम येण्याच्या दोन वर्षे आधी, २० जुलै १९७६ रोजी, व्हायकिंग १ हे यान मंगळावर उतरले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत तांबडी माती आणि दगड होते. कालवे नव्हते आणि ते खणणारेही नव्हते. वेल्स यांची कथा तेव्हाच कालबाह्य ठरायची, पण वेन यांनी त्या मोहिमेलाच कथेत ओढून घेतले. अल्बमच्या उपसंहारात मंगळावरील यानावर लक्ष ठेवणारा नासाचा नियंत्रक ऐकू येतो, आणि तो आवाज जेरी वेन यांचा आहे. त्याला मंगळाकडून येणारा हिरवा झोत दिसतो. तो बर्म्युडाच्या नियंत्रण केंद्राला हाक मारतो, मग ह्यूस्टनला, कॅनबेराला, माद्रिदला, आणि कुठूनच उत्तर येत नाही.